येताना थांबू

मराठीत एक वाक्य असे आहे, की ते उच्चारणाऱ्याला आपण खोटे बोलत आहोत अशी शंकासुद्धा येत नाही; आणि ऐकणाऱ्याला ते खोटे आहे हे पुरते ठाऊक असूनही तो मुकाट्याने मान डोलावतो. ते वाक्य म्हणजे, "येताना थांबू."

सहलीला निघालेल्या प्रत्येक मोटारीत हे वाक्य दिवसातून निदान चार वेळा ऐकू येते. ते उच्चारतो तो ज्याच्या हाती स्टिअरिंग आहे तो. आणि ऐकून घेतात ती मागच्या बाकावरची माणसे, म्हणजे बायका, मुले आणि म्हातारी मंडळी. संपादकांनी माझ्याकडे दिवाळीसाठी एखादे खुसखुशीत प्रवासवर्णन मागितले होते. मी त्यांना भांडण पाठवीत आहे. या भांडणातला पहिला आरोपी मी स्वतःच आहे हे आरंभीच कबूल करतो; म्हणजे पुढे कोणाला चार शब्द कडक लागले, तरी आपण एकटेच नाही एवढे समाधान त्याला राहील.

हकिकत २०१९ च्या डिसेंबरातली. सात दिवसांची रजा, नवी मोटार आणि पाच माणसे: मी, पत्नी, पंधरा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. पुण्याहून निघायचे, कोल्हापूर, आंबोली, मालवण, रत्नागिरी, गणपतीपुळे, दापोली, हरिहरेश्वर असे वळसा घालून पुन्हा पुण्याला यायचे. सगळे जमून हजार किलोमीटर. मी एका कागदावर प्रत्येक दिवसाचे अंतर, निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ असे तक्ते आखले होते. मित्रांनी बेत विचारला तेव्हा मी ऐटीत म्हणालो होतो, "आठवडाभर मुलूखगिरी!" पूर्वीच्या मुलूखगिरीत निदान चौथाई तरी वसूल होत असे. आम्ही काय वसूल केले ते आता ऐका.

पहिल्या दिवशी खंबाटकीचा घाट उतरून सुरूरच्या फाट्याशी आलो. पत्नी म्हणाली, "अहो, इथूनच ना वाईला वळतात? मेणवली बघायची होती मला." मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आहे, कृष्णेवरचा सुरेख घाट आहे, आणि १७३९ साली वसई जिंकल्यानंतर तिकडून आणलेली पोर्तुगीजांची घंटा एका लहानशा देवळीत टांगलेली आहे. वाटेत वाई. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले, ते गाव. फाट्यापासून सारे अंतर वीस किलोमीटरांच्या आत. मी घड्याळाकडे पाहिले. कोल्हापूरला दुपारच्या जेवणाची वेळ मी तक्त्यात एक वाजता मांडली होती. "येताना थांबू," मी म्हणालो. आमच्या परतीचा मार्ग ताम्हिणी घाटाने होता. वाई त्या वाटेवर लागत नाही, हे मला ठाऊक होते. तिलाही ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडी. मुलगी चित्रे काढते. तिने गंजिफांविषयी वाचले होते. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफांच्या एका संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे बारा, असे एकशेवीस पत्ते असतात. ही कला बुडायला आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती वाचवली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. मोती तलावाच्या कडेने आमची मोटार गेली, तेव्हा राजवाडा खिडकीतून दिसत होता. मुलीने काच खाली केली. मी म्हणालो, "मालवणचं जेवण चुकेल. येताना थांबू." तिने काच वर केली.

चौथ्या दिवशी मुलाची पाळी. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेला एक प्रचंड हत्ती आहे. त्याच्या अंगातच दुसऱ्या कितीतरी प्राण्यांच्या आकृती कोरल्या आहेत. कोकणच्या सड्यांवर अशी कातळशिल्पे गावोगाव आढळतात. कोणी कोरली, कशासाठी कोरली, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. २०२२ साली त्यांतली काही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. मुलाला हे कोणाकडून तरी कळले होते आणि तो सकाळपासून "हत्ती, हत्ती" करीत होता. पण रत्नागिरीला थिबा राजवाडा पाच वाजता बंद होईल या भीतीने मी तो फाटाही मागे टाकला. राजवाडा त्या दिवशी साप्ताहिक सुट्टीने बंदच होता. ब्रह्मदेशाचा राजा आपला मुलूख पुन्हा दृष्टीस न पडता १९१६ साली याच गावी वारला. बंद फाटकापाशी उभा राहून मी ही माहिती मुलाला दिली. त्याने विचारले, "मग हत्ती?"

आणि पाचव्या दिवशी तर मी स्वतःलाच फसवले. गणपतीपुळ्याहून जयगडकडे निघालो की लगेच मालगुंड लागते. केशवसुतांचे जन्मगाव. तिथे त्यांचे स्मारक आहे. वर्षानुवर्षे मराठी मासिकांतून लिहिणारा मी. मराठी कविता ज्याने नव्या वाटेला लावली त्याच्या दारावरून गेलो आणि तरीची वेळ चुकेल म्हणून थांबलो नाही. या वेळी मागच्या बाकावरून कोणी काही मागितले नव्हते. मीच मनाशी म्हणालो, येताना थांबू.

आता मी वाद घालतो तो असा. आगगाडी वेळापत्रकाला हवे तिथे थांबते. विमान कुठेच थांबत नाही. मनुष्याने एवढे कर्ज काढून स्वतःची मोटार घेतली ती कशासाठी? वेगासाठी म्हणावे, तर आगगाडी तिच्याहून वेगाने जाते आणि तीत झोपताही येते. स्वतःच्या मोटारीला दुसऱ्या कोणत्याही वाहनाला नसलेला एकच अधिकार आहे: मनात येईल तिथे थांबण्याचा. नेमका तोच अधिकार आपण वापरीत नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एस. टी. धावली. तेव्हापासून त्या लाल डब्यात आपण किती हाल काढले! पण एस. टी.त घंटीची एक दोरी असे. एखादी म्हातारी "अरे माझा फाटा गेला!" म्हणून ओरडली, की कंडक्टर दोन शिव्या हासडी आणि दोरी ओढी; गाडी थांबे. आपल्या स्वतःच्या, वातानुकूलित, गादीच्या बैठकीच्या मोटारीत मात्र मागच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हाताशी दोरी नाही. सात दिवस त्याला एका हुकूमशहाच्या स्वाधीन व्हावे लागते. हुकूमशहा प्रेमळ असतो, स्वखर्चाने सर्वांना खाऊ घालतो, हे खरे. परंतु बहुतेक हुकूमशहा स्वतःविषयी असेच सांगत असतात.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की रजा सातच दिवसांची असते; थांबत बसलो तर पाहणार काय? मी उलट विचारतो, न थांबता काय पाहिलेत? आळंदीहून पंढरपूर मोटारीने पाच-सहा तासांचे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तिथे पोहोचायला अडीच आठवड्यांहून अधिक दिवस घेते. वारकऱ्याला घाई नाही असे नव्हे. त्याच्या शेतात पेरण्या झालेल्या असतात आणि जीव मागे अडकलेला असतो. तरीही वाटेतला प्रत्येक विसावा आणि प्रत्येक मुक्काम ठरलेला असतो, आणि पालखी तिथे टेकतेच. प्रवासासाठी आपल्या भाषेने केवढे शब्द करून ठेवले: मुक्काम, विसावा, पडाव, थांबा, धर्मशाळा, पाणपोई. हे सगळे थांबण्याचे शब्द आहेत. आम्ही यांतला एकही शब्द न वापरता हजार किलोमीटर काटले आणि त्याला मुलूख पाहणे म्हटले.

दुसरा आक्षेप: तुम्ही रस्त्यांचे शत्रू आहात. मुळीच नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा पहिला भाग खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो पुरा झाला. रोग्याला तो हवा, संत्र्याला हवा, नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या पोराला हवा. धोंडो केशव कर्वे लहानपणी मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी गेले आणि वय भरलेले दिसत नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. त्या मुलाला कोणी वेगवान मोटार दिली असती, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. परंतु तुम्ही परीक्षेला निघालेला नाहीत. सहलीला निघालेले आहात! ताशी १२० किलोमीटर, म्हणजे मिनिटाला दोन किलोमीटर या वेगाने सिंदखेडराजाची पाटी येते आणि जाते. जिजाऊंचे जन्मस्थान ओलांडायला दोन-चार मिनिटे पुरतात. तिथून जवळच उल्केच्या आघाताने काळ्या कातळात पडलेले लोणारचे विवर आहे. ते पाहायला जगभरचे शास्त्रज्ञ येतात. आपण म्हणतो, "नागपूरहून येताना थांबू."

तिसरा आक्षेप बायकांचा आहे. त्यापुढे मात्र मी मान खाली घालतो. पत्नी एकदा मला म्हणाली, "थांबा थांबा म्हणून लिहिता, पण थांबायचं कुठे? त्या आठवडाभरात सासूबाई आणि मी सकाळचा अर्धा पेला सोडून पाणी प्यायलो नाही. तुमच्या लक्षात तरी आलं का?" नव्हते आले. एका पेट्रोलपंपावर स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली मालकाकडे, मालक गावाला. दुसरीकडे दाराला कडीच नव्हती. मी खाली उतरून हवा तपासली, पाठ ताणली, तक्त्यात वेळ टिपली. आपल्या राज्यातल्या निम्म्या प्रवाशांना थांबण्याची सोय नाही, म्हणून त्या तहानेल्या राहून प्रवास करतात आणि "चला, थांबू नका" असे आपण होऊन सांगतात. आणि आपण समजतो, की बायकांनाही वेगच आवडतो! टोलनाक्यावर पैसे कापायला आता पाच सेकंदही लागत नाहीत. तेवढ्याच तत्परतेने एका कडीची, एका बादलीची आणि एका दिव्याची व्यवस्था का होऊ नये, हा प्रश्न मी विचारतो, आणि तो प्रत्येक नवऱ्याने विचारला पाहिजे. तो विचारायचा मान बायकांवरच का ठेवावा?

चौथा आक्षेप गावकऱ्यांचा. ते म्हणतील, कृपा करा आणि थांबू नका. पावसाळ्यात आंबोलीच्या धबधब्यापाशी जे थांबतात ते मोटारीतले गाणे मोठ्याने लावतात, रस्ता अडवतात आणि पिशव्या-बाटल्या तिथेच टाकून जातात. हे खरे आहे. पण त्याला मी थांबणे म्हणत नाही. ज्याने इंजिन बंद केले, चपला सावरल्या, समोर दिसेल त्या माणसाला "नमस्कार, हे काय आहे हो?" असे विचारले, तोच थांबला. बाकीचे अडलेले असतात.

आणि मनुष्य थांबला म्हणजे काय होते, हे त्या सात दिवसांत आम्हांला एकदाच कळले. तेही माझ्या इच्छेविरुद्ध. जयगडच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा तर नुकतीच सुटली होती. पलीकडे तवसाळ दिसत होते. मध्ये शास्त्री नदीची खाडी. पाऊण तास काही करता येत नव्हते. मी तक्ता पाहून चरफडत होतो. तेवढ्यात आई मोटारीतून उतरली, धक्क्यावर मासे घेऊन बसलेल्या बाईशेजारी जाऊन टेकली आणि तिच्याशी बोलू लागली. आईची बोली बदलली. पुण्यात पन्नास वर्षे जपलेली बोली कुठल्या कुठे गेली आणि हेल काढून, नाकातून, अशी काही बोलू लागली की मुले तोंडाकडे पाहत राहिली. मुलगी म्हणाली, "आजी, तू हे कधी बोलली नाहीस?" आई म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?" मुलगा खेकड्यांमागे लागला. पत्नीला एका घरी पाणी मिळाले आणि बाकीचीही सोय झाली. नंतर तरीवर इंजिन बंद करून आम्ही पाची जण कठड्याला टेकून उभे राहिलो. हजार किलोमीटरांत आमच्या कुटुंबाने एकत्र पाहिलेली गोष्ट म्हणाल तर ती खाडी. आणि ती पाहिली ती तर चुकली म्हणून.

इतके समजूनही मी शहाणा झालो नाही. सहाव्या दिवशी दापोलीहून हरिहरेश्वरला जायचे होते. आईचे माहेर आंजर्ल्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, माडांच्या एका वाडीत. मामा मुंबईला गेले, घर विकले गेले. तिथे आमचे असे कोणी उरले नाही. आईला घर पाहायचे नव्हते. तिला विहीर पाहायची होती. त्या विहिरीच्या कठड्याच्या जांभ्या दगडावर दोराच्या घासण्याने खाचा पडल्या होत्या, आणि त्यांतली एक खाच आपल्या हातची आहे असे ती लहानपणापासून आम्हांला सांगत आली होती. ती नातीला दाखवायची होती. पाटी दिसली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अरे, इथून आत वळतात."

हरिहरेश्वरला सूर्यास्ताची वेळ सहा वाजून काही मिनिटांची होती. वेसवीहून बागमांडल्याची तर गाठायची होती. मी म्हणालो, "आई, येताना थांबू."

"बरं," ती म्हणाली.

सूर्यास्त ढगांत झाला. दुसऱ्या दिवशी फोनवरच्या नकाशाने म्हसळा, माणगाव, ताम्हिणी ही वाट दोन तासांनी कमी दाखवली आणि आम्ही त्या वाटेने जेवणाच्या वेळेला घरी आलो. पुढल्या वर्षी नक्की, असे मी आईला सांगितले. पुढल्या वर्षी, २०२० साली, सारा देशच घरात बसला. २०२१ साली आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. आता ती अंथरुणावरून खुर्चीत आणि खुर्चीतून अंथरुणावर एवढाच प्रवास करते, तोही कोणाच्या तरी आधाराने.

२०२३ च्या हिवाळ्यात मी एकटा तिथे गेलो. विचारत विचारत ती वाडी काढली. घर पाडून तिथे नवे बांधले होते. मागच्या अंगाला विहीर सापडली. कठड्यावर खाचा होत्या. मी चारी बाजूंनी, जवळून, लांबून, पाण्यात वाकून छायाचित्रे घेतली आणि घरी येऊन फोन आईच्या हाती दिला. तिने चष्मा पुसला. एकेक चित्र बराच वेळ पाहिले.

"विहीर चांगली आहे," ती म्हणाली, "पण ही आमची नव्हे रे. ही पलीकडल्या आळीतली."

"मग आपली कुठे आहे? नीट सांग, मी परत जातो."

"सांगू कशी? तिथं उभी राहिले असते तर पाय आपोआप गेले असते." मग माझा चेहरा पाहून मला धीर द्यावा म्हणून म्हणाली, "जाऊ दे. पुढल्या खेपेस जाऊ आपण."

हे वाक्य ती माझ्याकडूनच शिकली असली पाहिजे.

वाचकहो, मेणवलीची घंटा जागची हलणार नाही. गंजिफा आणखी काही वर्षे रंगवल्या जातील, कशेळीचा हत्ती हजारो वर्षे पडून आहे तसाच पडून राहील. मुलगी आता मोठी झाली. ती मैत्रिणींबरोबर सावंतवाडीला जाऊन आली. या सगळ्यांकडे येताना थांबता येते, असे एक वेळ धरून चाला. पण ज्या विहिरीची ओळख जगात एकाच माणसाच्या पायांना उरली आहे, ती त्या माणसाबरोबरच जाते. तुमच्या मोटारीच्या मागच्या बाकावर असे एखादे माणूस बसले आहे की नाही, हे तुमच्या तक्त्यात लिहिलेले नसते. ते थांबल्यावरच कळते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दिवाळी झाली, की पुष्कळ घरांतून सहलीचे बेत ठरतील आणि नकाशे उघडले जातील. सात दिवसांत हजार किलोमीटर ठरवले असतील, तर पाचशे करा. हरिहरेश्वर राहिले तर राहू द्या. त्याच्या अलीकडे पुष्कळ देश आहे. आणि निघण्यापूर्वी मागच्या बाकाजवळ एक घंटी बांधा, खरीखुरी, पितळेची, दोरीची. ती ओढण्याचा पहिला अधिकार घरातल्या सर्वांत वडील माणसाला द्या, दुसरा सर्वांत लहानाला, आणि तिसरा, ज्या बाईने सकाळपासून पाणी प्यायलेले नाही, तिला. जो गाडी चालवतो त्याला कोणताही अधिकार देऊ नका. त्याने घंटी वाजली की गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि खाली उतरून मागचे दार उघडावे.